‘तुमच्यासाठी खास’ ही पट्टी लावणाऱ्यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

मालिका-सिनेमे दाखवणारं तुमचं ॲप उघडलं की पहिल्याच पडद्यावर एक आडवी पट्टी दिसते. कधी ‘तुमच्यासाठी खास’, कधी ‘तुम्ही अमुक पाहिलंत म्हणून’. ती पट्टी तुमच्या कंपनीत जे कुणी लावतात त्यांना हे पत्र आहे. ती माणसं लावतात की गणित लावतं, हा तुमचा अंतर्गत मामला. गणितही शेवटी पगारावर बसलेल्या कुणीतरी लिहिलेलंच असतं, तेव्हा पत्र कुठल्या टेबलावर न्यायचं ते तुम्हाला कळेल.

तक्रार एवढीच, की तुम्ही मालिका विषयावरून सुचवता. एक पोलीस पाहिला की पोलिसांची रांग लागते. वकील पाहिला की वकील. खून पाहिला की खुनांचा ढीग. पुस्तकांचं कपाट मुखपृष्ठांच्या रंगावरून लावावं तसा हा प्रकार आहे. दिसायला झकास, पण हवं ते पुस्तक हाताला लागत नाही.

माझी मालिका निवडायची कसोटी निराळी आहे. मालिकेला स्वतःचं मागचं आठवतं का, एवढंच मी बघते. सिनेमाला दोन-अडीच तास मिळतात. मालिका आपल्याकडे चाळीस तास मागते, साठ मागते. एवढा वेळ हाताशी असून तिसऱ्या भागात नायकाच्या खांद्यात घुसलेली गोळी पाचव्या भागात कुणाच्या लक्षात नसेल, घरातलं मरण एका भागाच्या करुण संगीतात उरकलं जात असेल, तर तो वेळ मागितलाच कशाला? मी लोकांच्या मागे लागून ज्या मालिका पाहायला लावते, त्यांत घडलेलं पुसलं जात नाही. एक वाक्य चार वर्षांनी परत येतं आणि तेव्हा त्याचा अर्थ बदललेला असतो. हे फक्त लांब पल्ल्याच्या गोष्टीलाच जमतं. तुमची पट्टी मात्र हे कधीच मोजत नाही.

सुरुवात ‘द वायर’पासून करते, कारण तुमच्या पट्टीत सगळ्यात जास्त अन्याय तिच्यावर होतो. २००२ ते २००८, एचबीओ ही अमेरिकन वाहिनी, ५ सीझन, ६० भाग. तुम्ही तिला ‘गुन्हेगारी’ आणि ‘थरार’ या खणात टाकता आणि शेजारी दर भागात एक खून सोडवणाऱ्या मालिका मांडून ठेवता. थरार शोधत आलेला माणूस तिसऱ्या भागात उठून जातो, आणि त्याला दोष देता येत नाही. या मालिकेचा निर्माता डेव्हिड सायमन बाल्टिमोर या अमेरिकन शहरातल्या वर्तमानपत्रात पोलीस-बातमीदार होता. त्याचा जोडीदार एड बर्न्स त्याच शहराच्या पोलिसांत डिटेक्टिव्ह, आणि नंतर सरकारी शाळेत शिक्षक. दोघांनी शहराची एकेक बाजू उघडून दाखवली आहे: आधी अमली पदार्थांचा धंदा आणि त्यामागे लागलेले पोलीस, मग बंदर आणि गोदी कामगारांची युनियन, मग राजकारण, मग शाळा, शेवटी वर्तमानपत्र. मुख्य पात्र म्हणाल तर शहरच.

तिसऱ्या भागातला एक प्रसंग सांगते. वस्तीच्या मधल्या चौकात धंद्यातली दोन पोरं बुद्धिबळाच्या पटावर भलताच खेळ खेळताहेत, कारण बुद्धिबळ त्यांना येत नाही. डिॲंजेलो नावाचा त्यांच्याहून थोडा वरचा तरुण शेजारी येतो आणि मोहरे समजावून द्यायला लागतो, अर्थात धंद्याच्याच भाषेत. राजा फारसा हलत नाही, त्याला गरजच नाही, सगळे त्याच्यासाठी हलतात. वजीर म्हणजे सगळी कामं करून आणणारा. हत्ती म्हणजे लपवलेला माल, आज इथे, उद्या तिथे. आणि प्यादी? ती पुढच्या रांगेत, लवकर मरतात. बोडी नावाचा पोरगा विचारतो, प्यादं पार पलीकडे पोचलं तर? डिॲंजेलो म्हणतो, तसं सहसा होत नाही. बोडी ऐकून घेत नाही. प्यादं हुशार असेल तर, असं त्याचं म्हणणं. प्रसंग संपतो. तीन-चार मिनिटांचा असेल.

आता चौथ्या सीझनचा शेवटचा भाग. प्रसारणाच्या हिशेबाने मध्ये साडेचार वर्षं गेलेली. बोडी आता पोरगा राहिलेला नाही. बागेतल्या बाकावर तो एका पोलिसाशी बोलतोय, आणि बोलता बोलता म्हणतो, आपण त्या पटावरच्या पुढच्या रांगेतल्या बारक्यांसारखे आहोत. मोहऱ्याचं नाव त्याला आठवत नाही. पोलीस ते पुरवतो: प्यादी. बस. जुना प्रसंग पुन्हा दाखवत नाहीत, संगीत चढत नाही, ‘आठवतंय ना?’ असा इशाराही नाही. ज्याला आठवतं त्याच्या पोटात गोळा येतो, ज्याला नाही त्याचं काही अडत नाही. प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकणारी मालिका तुम्ही ‘थरार’ म्हणून विकताय. (एमी या अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्कारवाल्यांनीही काही दिवे लावले नाहीत. या मालिकेला एकही एमी मिळालेलं नाही.)

तिच्याबाबत दोन मागण्या आहेत. पहिली, शीर्षकगीतावरचं ते ‘स्किप इंट्रो’ बटण या मालिकेपुरतं तरी काढा. गाणं पाचही सीझनमध्ये एकच आहे, आवाज दर वेळी वेगळा. दुसऱ्या सीझनमध्ये ते मूळ गीतकार टॉम वेट्स स्वतः गातो. चौथा सीझन शाळकरी मुलांचा, तर तिथे बाल्टिमोरचीच किशोरवयीन मुलं गातात. पाचव्यात स्टीव्ह अर्ल गातो, आणि तो मालिकेत व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाची भूमिकाही करतो. बटण दाबणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. दुसरी मागणी चित्राच्या चौकटीची. मालिका चौकोनी, ४:३ चौकटीत घडवली होती. २०१४ मध्ये ती रुंद करून नव्याने काढली. सायमननेच तेव्हा लिहिलं होतं की यात काही प्रसंग सुधारले, काही बिघडले. मग दोन्ही आवृत्त्या ठेवा की! पाहणारा ठरवेल.

‘ब्रेकिंग बॅड पाहिलंत म्हणून बेटर कॉल सॉल’ ही तुमची शिफारस बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं. ‘ब्रेकिंग बॅड’चा वेग डोक्यात ठेवून जो इकडे येतो तो पहिल्या सीझनमध्ये चुळबुळत बसतो. २०१५ ते २०२२ मधली ही ६३ भागांची मालिका ‘ब्रेकिंग बॅड’च्या आधीची गोष्ट सांगते, आणि ती मुळात दोन भावांची आहे. धाकटा जिमी, चलाख, लबाड, मायाळू. थोरला चक, नामांकित वकील, ज्याची ठाम समजूत आहे की विजेच्या उपकरणांनी त्याला शारीरिक त्रास होतो. त्याच्या घरात शिरण्याआधी माणसं मोबाइल, घड्याळ, किल्ल्या बाहेरच्या टपालपेटीत ठेवतात. आत कंदिलाचा उजेड. ही टपालपेटी बघत राहा. सुरुवातीला ती विनोदी वाटते, मग दयेची गोष्ट होते, आणि तिसऱ्या सीझनमधल्या कोर्टाच्या भागापर्यंत या एवढ्याशा नियमावर दोन आयुष्यं तोलली जातात. जिमीची वकील मैत्रीण किम वेक्सलर हिच्याबद्दल काही सांगत नाही, फक्त एवढं की ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये ती कुठेच नाही, आणि ते ठाऊक असलेला प्रेक्षक सगळे सीझन जीव मुठीत धरून बसतो. माझं मत विचाराल तर ही मूळ मालिकेपेक्षा सरस आहे. हिलाही एमीची ५३ नामांकनं आणि पुरस्कार शून्य. मी या पुरस्कारांवरून मालिका निवडत नाही ते उगाच नव्हे.

खुनाच्याच मालिका सुचवायच्या असतील तर ‘फोरब्रिडेल्सन’ सुचवा. २००७ ची डॅनिश मालिका, इंग्रजीत तिला ‘द किलिंग’ म्हणतात. तिची अमेरिकन आवृत्तीही निघाली, पण मी मूळची म्हणते आहे. पहिल्या सीझनमध्ये एकच खून, २० भाग, प्रत्येक भाग तपासाचा एक दिवस. सारा लुंड ही तपास अधिकारी आणि तिचा लोकरी स्वेटर यांचा खूप गाजावाजा झाला, आणि ती भूमिका करणारी सोफी ग्रोबेल आहेच तशी. मला मात्र या मालिकेत सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते खून झालेल्या मुलीचं घर. बहुतेक रहस्यकथांत मृतदेह हे एक साधन असतं. आईवडील एका प्रसंगापुरते रडतात, मग कॅमेरा संशयितांकडे वळतो. इथे कॅमेरा त्या घरात परत परत जातो. वडिलांचा सामान हलवण्याचा धंदा आहे, तो चालू ठेवावा लागतो. धाकट्या दोन मुलांना काहीतरी सांगावं लागतं. अंत्यविधीची तयारी करावी लागते. तपासात नवा संशयित आला की त्याचा धक्का पहिल्यांदा या स्वयंपाकघरातल्या टेबलाला बसतो. खून कुणी केला याची उत्सुकता हळूहळू बाजूला पडते; या आईवडिलांचं आता कसं होणार, याचा घोर लागतो.

उलट उदाहरणही द्यायला हवं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ तुमची पट्टी अजून कुणाच्याही गळ्यात मारते. पहिले चार सीझन मीही डोक्यावर घेऊन नाचते. त्या वेळी एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर जायला कित्येक भाग लागत, आणि वाटेत जे घडे त्यातच गोष्ट असे. शेवटीशेवटी तेच अंतर दोन प्रसंगांच्या मध्ये कापलं जायला लागलं. मालिका स्वतःचा नकाशा विसरली. मग पात्रं काय लक्षात ठेवणार? दिमाखात काहीच कमी नव्हतं, उलट वाढलाच होता. सुचवायची तर सुचवा, पण पुढचे सीझन बेताचे आहेत हे पट्टीवर लिहायची हिंमत दाखवा.

जुन्या मालिकांचा खण तुमच्याकडे असतो, बहुधा पार तळाशी. तिथे दोन नावं हवीतच. पहिलं, क्शिश्तोफ किएश्लोव्स्कीची ‘डेकालॉग’. पोलिश दूरचित्रवाणीसाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस केलेले साधारण तासाभराचे १० भाग. प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र, पण सगळी माणसं वॉर्सातल्या एकाच वसाहतीतली. एका भागातला डॉक्टर दुसऱ्या भागात नुसता लिफ्टमध्ये भेटतो. दुसऱ्या भागातला पेच आठव्या भागात एक विद्यार्थिनी नीतिशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून मांडते. जे आपण एका घरात श्वास रोखून पाहिलं, ते इथे वर्गातल्या चर्चेचा विषय झालेलं. शिवाय बहुतेक भागांत एक माणूस न बोलता उभा असतो, बघतो, निघून जातो. तो कोण, हे कुणी सांगत नाही. तुम्हीही सारांशात सांगू नका.

दुसरं, गोविंद निहलानींची ‘तमस’, दूरदर्शन, १९८८, भीष्म साहनींच्या कादंबरीवरची. फाळणीच्या आधीचे दिवस. कातडी कमावणाऱ्या नथ्थूला कुणीतरी डुक्कर मारायचं काम देतो, कारण भलतंच सांगून. ओम पुरी आणि ते जनावर, एका कोंदट खोलीत रात्रभर. सकाळी गावात काय पेटतं ते सगळे पाहतात, पण ते कशाने पेटलं हे नथ्थूला ठाऊक आहे, आणि हे ओझं घेऊन तो पुढची वाट चालतो. मालिकेवर बंदी आणावी म्हणून लोक कोर्टात गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती पाहिली आणि बंदीला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. ही एवढी हकीकत दोन ओळींत दिलीत तरी लोक थांबून पाहतील. सध्या तुम्ही जुन्या मालिकेखाली लिहिता काय, तर वर्ष आणि ‘नाट्य’.

‘माय मिस्टर’बद्दल तर भांडायलाच आले आहे. २०१८ ची कोरियन मालिका, १६ भाग. कोरियन म्हटली की तुमचं गणित तिला ‘प्रेमकथा’ या खणात ढकलतं, वर चित्र असं लावतं की एक मध्यमवयीन पुरुष आणि एक तरुण मुलगी यांचं लफडंच बघायला बसतोय असं वाटावं. गोष्ट अशी: तो स्ट्रक्चरल इंजिनिअर, मनाने थकलेला, घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे गप्प. ती त्याच ऑफिसातली कंत्राटी कामगार, कर्जात बुडालेली, आणि त्याला अडकवण्यासाठी पैसे घेऊन तिने त्याच्या फोनमध्ये ऐकण्याची सोय करून ठेवलेली. ती त्याचं दिवसभराचं आयुष्य कानाने ऐकते. त्याची पावलं, त्याचा उसासा, भावांबरोबरची पिण्यातली बडबड, कुणी नसताना तो ज्या तऱ्हेने श्वास सोडतो तो आवाज. त्याचं नुकसान करायला म्हणून ऐकायला बसलेली मुलगी कधी त्याच्या पावलांवरून तो आज कसा आहे हे ओळखायला लागते, ते कळतच नाही. एका प्रसंगात तो तिला आपलं काम समजावतो: प्रत्येक इमारत म्हणजे बाहेरचा जोर आणि आतला जोर यांची झुंज, आणि आतला जोर जास्त असला पाहिजे. पुढच्या भागांत हे वाक्य कुणी फारसं उच्चारत नाही, पण आपण प्रत्येक पात्राकडे त्या हिशेबाने बघायला लागतो. पहिले दोन-तीन भाग जड जातात, हे खरं. इमाने इतबारे तसं लिहा.

बाकीच्यांना थोडक्यात. ‘मॅड मेन’ पूर्ण पाहायला ९२ भाग लागतात. ज्याची तयारी नसेल त्याने निदान चौथ्या सीझनचा सातवा भाग पाहावा, रात्रभर ऑफिसात अडकलेला साहेब आणि त्याच्या हाताखालची कॉपीरायटर, मध्ये फक्त एका सुटकेसची जाहिरात. ‘हॉल्ट अँड कॅच फायर’चा पहिला सीझन चाचपडतो, दुसऱ्यापासून मालिका दोन स्त्रियांच्या हाती जाते आणि बघता बघता फार मोठी होते, ४० भाग, फारसं कुणी पाहिलं नाही. ‘सिक्स फीट अंडर’चा जवळजवळ प्रत्येक भाग एका मरणाने सुरू होतो आणि तरीही ती खळखळून हसवते.

आता शेवटाकडे, म्हणजे मालिकांच्या शेवटाकडे. भाग संपता संपता तुमचं ॲप पडदा आक्रसून एका कोपऱ्यात ढकलतं आणि ‘पुढचा भाग ५ सेकंदांत’ असं मोजायला लागतं. ‘चेर्नोबिल’ ही अणुभट्टीच्या स्फोटावरची २०१९ ची ५ भागांची मालिका घ्या. पहिल्याच भागात अधिकारी किरणोत्साराच्या ३.६ राँटजन या आकड्यावर निर्धास्त होतात. तो आकडा म्हणजे हातातल्या यंत्राची कमाल मर्यादा, त्याच्या वर काटा जाऊच शकत नाही. शेवटच्या भागाच्या अखेरीस खरी चित्रफीत आणि मजकूर येतो: कोण जगलं, कोणाचं काय झालं, आणि मालिकेतली शास्त्रज्ञ उलाना खोम्युक हे अनेक शास्त्रज्ञांच्या जागी कल्पिलेलं पात्र आहे. खरं किती आणि रचलेलं किती हे सांगणारी ती मिनिटं मालिकेचाच भाग आहेत. ती पूर्ण पडद्यावर, पूर्ण वेळ दिसायला हवीत.

‘द सोप्रानोज’चं तर विचारूच नका. जून २००७ मध्ये तिचा शेवटचा भाग दाखवला गेला तेव्हा पडदा एकाएकी काळा झाला, आवाज गेला, आणि कित्येक प्रेक्षकांना केबल गेली असं वाटलं. नावं सुरू होण्याआधीचा तो काळा, मुका पडदा दिग्दर्शकाने मोजून ठेवलेला आहे. तिथे एखादी रंगीत चौकट उगवून ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणत असेल तर ८६ भाग पाहिलेल्या माणसाच्या तोंडातला घास तुम्ही काढून घेताय. निदान मालिकेच्या शेवटच्या भागापुरतं हे आपोआप चालू होणं बंद ठेवा.

डबिंगचंही तेच. परभाषेतली मालिका लावली की डब केलेला आवाज आपोआप सुरू होतो, मूळ आवाज शोधायला चार ठिकाणी बोट लावावं लागतं. ‘माय मिस्टर’सारखी जी मालिका उसाशांवर उभी आहे तिचे उसासेही तुम्ही दुसऱ्याचे लावता! मूळ आवाज आधी, सबटायटल्स सोबत. ज्यांना डब हवं त्यांनी बदलून घ्यावं.

आणि एक. कंत्राट संपलं की मालिका तुमच्या कपाटातून गुपचूप नाहीशी होते. सिनेमा असेल तर एका रात्रीत पाहून मोकळं होता येतं. ६० भागांच्या मालिकेत कुणीतरी नेहमी चौथ्या सीझनमध्ये असतं. काढायची असेल तर पहिल्या पडद्यावर, त्याच पट्टीत, तारीख घालून निदान दोन महिने आधी सांगा.

कळावे,
एक वर्गणीदार